अरुशाच्या बसमधून गेलेली कानबाई

डिंडोली, सुरत
८ जून २०२५

वाल्मिक,

आशीर्वाद आहेच. तो काही तुझ्या बोलण्या-न बोलण्यावर ठरत नाही.

सहा वर्षांनी तुझा मेसेज आला आणि तो कसा, तर "वयनी, घरच्या कानबाईचा फोटो असेल तर पाठव. बॅग हरवली." संपलं. कशी आहेस, जिवंत आहेस का, काही नाही. मी साड्यांना खडे चिकटवत बसले होते, बोटांना गम लागलेला. तशीच तुला फोन लावला. तू कापलास. परत लावला, परत कापलास. मग लिहून पाठवलंस, "फोनवर तुझा आवाज ऐकला तर मला काही बोलता येणार नाही. लिहूनच सांग." बरं बाबा. मोबाइलवर टाइप करणं माझ्याच्यानं होत नाही, एका ओळीला अर्धा दिवस जातो. म्हणून कागदावर लिहिते आणि त्याचा फोटो काढून पाठवते. अमळनेरच्या शाळेत माझं अक्षर दाखवायला आमच्या बाई दुसऱ्या वर्गातल्या पोरी घेऊन यायच्या. तेव्हा वाचता येत नाही असं म्हणू नकोस.

तुझ्या तुटक तुटक मेसेजांवरून मला कळलं ते असं. दार-ए-सलामची कापड छपाईची मिल तू सोडलीस आणि अरुशा नावाच्या गावात नव्या मिलमध्ये कलर मास्टर म्हणून लागलास. तू आणि शीतल सगळं सामान घेऊन बसने निघालात. उतरल्यावर बघता तर डिकीत तुमच्या काळ्या बॅगेच्या जागी दुसऱ्याच कुणाची तरी काळी बॅग. तुमची बॅग कुणीतरी आपली समजून वाटेतच उतरवून घेतली. आणि त्या बॅगेत, स्वेटरांच्या आणि पातेल्यांच्या मध्ये, आपल्या घरची कानबाई.

वाल्मिक, श्रावणात जिला आपण चौरंगावर बसवतो, चांदीचे डोळे लावतो, नथ घालतो, तिला कुणी बसच्या डिकीत टाकतं का रे? तुझी माय तिला गावाहून पहिल्यांदा सुरतेला घेऊन आली तेव्हा भुसावळच्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. नंदुरबार जाऊन पुढे कितीतरी वेळ ती उभीच होती, पण कानबाईचा डबा छातीशी. मी लग्न होऊन आले तेव्हा तिनं हे मला सांगितलं. तू तेव्हा दुपट्यात होतास आणि मागांचा खडखडाट चालू असला तरच झोपायचास. लाइट जाऊन माग थांबले की भोकाड पसरायचास. वेडरोडच्या आपल्या सगळ्या वस्तीला तुझ्यामुळे कळायचं की लाइट गेली.

फोटो आहे. एकच उरलाय, बाकीचे जुन्या मोबाइलांबरोबर गेले. पण तो तुझ्या भावाच्या ट्रंकेत आहे आणि ट्रंकेची किल्ली त्यांच्या करदोट्याला. त्यांना मी यातलं काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. तू गेल्यापासून कानबाईचं नाव निघालं की ते उठून ओट्यावर जाऊन बसतात. माग चालवून चालवून कान गेलेत, शेजारी भांडण झालं तरी पत्ता लागत नाही, पण हे एक नाव बरोबर ऐकू येतं. फोटोचं मी बघते काय करायचं ते.

तोवर तू त्या बसच्या कचेरीत रोज जा. एकदा सांगून घरी येऊन बसू नकोस. तोंड ओळखीचं झालं की माणूस काम करतो, मग तो सुरतेचा असो की आफ्रिकेचा. श्रावण लागायला फार दिवस नाहीत.

तुझी वयनी
उषा


डिंडोली
१४ जून

वाल्मिक,

तुझा मेसेज वाचला आणि कपाळावर हात मारून घेतला.

कचेरीतल्या माणसानं विचारलं, बॅगेत काय काय होतं, आणि तू सांगितलंस, "कपडे, भांडी, एक नारळ." अरे, नारळ? आपल्या घरात आजवर कुणी तिला नारळ म्हटलंय? आणि म्हणायचं कुठं, तर तू म्हणतोस त्या दार-ए-सलामला रस्त्याच्या कडेला नारळांचे ढीग लागलेले असतात तिथल्या माणसापुढे. तो हसणार नाही तर काय करील? खाण्यापिण्याच्या वस्तूंची जबाबदारी आमच्याकडे नाही म्हणून त्यानं ते खोडून टाकलं. त्याचं बरोबर आहे, तुझं चुकलं. रंगाच्या पिंपावर चुकीचं नाव लिहिलं तर सगळा माल वाया जातो, हे सचिन गावच्या मिलमधून आल्यावर तूच मला रोज ऐकवायचास.

उद्या परत जा आणि नीट सांग. सांग की ती देवी आहे, तिला घर आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आम्ही तिला बसवतो, केळीचे खांब लावतो, भाऊबंद जमतात, बाया गाणी म्हणतात. सोमवारी तिला नदीवर नेतो, पाण्याची भेट घडवतो आणि परत घरी आणतो. वर्षभर ती देवघरात असते. तुझ्या आजीच्याही आधीपासून ही एकच आहे. एवढं त्यांच्या बोलीत सांगता येतं का बघ. येत असणार. सहा वर्षं काय तिथं मुक्यानं राहिलास?

ओळखायची खूण काय, असं ते विचारतात म्हणालास. तोंड मला डोळे मिटून आठवतं, पण परक्या माणसाला तोंडावरून काय कळणार. पुराच्या वेळी तिला मागून तडा गेला होता आणि तो तुझ्या भावानं बुजवला होता, एवढं आठवलं. कशानं, ते आठवेना. म्हणून काल जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "अहो, तुम्ही एकदा फुटलेलं काहीतरी बुजवलं होतं ना, त्याला काय लावलं होतं?" मला वाटलं, म्हणतील, काय फुटलेलं? भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाले, "लाख. लाल. शेंडीना खाले, बोटभर." आणि जेवायला लागले. मी त्यांना परत चटणीच वाढली.

तर ही खूण. शेंडीच्या खाली, बोटभर, लाल लाख.

पुराचं तुला किती आठवतं कोण जाणे. तू बारा वर्षांचा होतास. रविवारी कानबाई बसली, सोमवारी सकाळी तिला घेऊन आपण तापीवर गेलो तर पोलीस कुणाला खाली उतरू देईनात. नदी फुगलेली, गढूळ, पुलाला लागायला आलेली. देवीला पाणी न दाखवताच परत आणावं लागलं म्हणून बाया कुरकुरत घरी आल्या. बघता बघता पाणीच आपल्या गल्लीत आलं. आपण सगळे घरमालकाच्या गच्चीवर पळालो. वर गेल्यावर मी म्हटलं, अगंबाई, कानबाई खालीच राहिली. तुझे भाऊ म्हणाले, जाऊ दे. आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून तू जिन्यानं खाली गेलास.

छातीएवढ्या पाण्यातून तू वर आलास तेव्हा तिला पोटाशी धरलेलं. चौरंग तरंगत होता म्हणालास, आणि ती त्यावरच होती, नथीसकट, फक्त भिंतीला आपटत होती. तुझ्या भावानं तुला एक थोबाडीत दिली आणि मग तुला जवळ घेऊन ते ढसाढसा रडले. मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढंच. पाणी उतरेपर्यंत गच्चीवर राहिलो, वरून हेलिकॉप्टर बिस्किटांचे पुडे टाकायचं आणि तू आधी तिच्यापुढे ठेवायचास, मग खायचास.

म्हणून तू तिला इथून घेऊन गेलास तेव्हा मला राग आला तो घेऊन गेलास म्हणून नाही. मला न सांगता गेलास म्हणून आला. तो अजून आहे.

वयनी


डिंडोली
२९ जून

वाल्मिक,

फोटो पाठवलाय तो मिळाला असेल. तीनदा काढावा लागला, दर वेळी ट्यूबलाइटचा पट्टा नेमका कानबाईच्या तोंडावर यायचा.

तो मी ट्रंकेतून काढला नाही. परवा सकाळी खडे लावायचा गठ्ठा सोडला तर सगळ्यात वरच्या साडीवर हा फोटो. तुझे भाऊ तोवर कामाला निघूनही गेले होते. संध्याकाळी आले, हातपाय धुतले, म्हणाले, "भाजीमा मीठ कमी शे आज." भाजी अजून मी केलीच नव्हती. म्हणजे बघ, काय बोलावं ते त्यांनाही कळत नव्हतं. लाखेचं विचारलं तेव्हाच त्यांच्या ध्यानात आलं असणार. आपण उगाच समजतो की त्यांना ऐकू येत नाही.

पुराच्या पुढल्या वर्षीचा आहे तो. वेडरोडचीच खोली, भिंतीवर पाण्याची रेघ दिसते बघ, चुना मारला तरी ती वर यायची. आता ती खोली नाही. तिथं उंच इमारत झालीय, खाली मोबाइलची दुकानं. मी मागे गेले होते तेव्हा आपला ओटा कुठं होता तेही सापडेना. फोटोत मी नथ घालतेय, तू चौरंगाला टेकून बसलायस आणि तुझ्या भावाचा हात तुझ्या डोक्यावर आहे. तू वाकड्या तोंडानं हसतोयस, पुढचा दात अर्धा तुटलेला. सगळेच हसतोय. काय झालं होतं हसायला ते मला काही केल्या आठवत नाही. तुला आठवतं का?

फोटो बघितला आणि ती दुसरी वेळ आठवली. तुलाही आठवली असणार. तुझं लग्न झालं त्या वर्षीची. शीतलचे वडील मारुतीभाऊ विदर्भातले, इच्छापोरला ठेकेदाराकडे कामाला. जात वेगळी, गाव लांबचं, पण पोर सोन्यासारखी. मिलमध्ये घडी घालायच्या खात्यात होती, तिच्या बोटांना सवय होती, कानबाईचं लुगडं तिनं असं चुणीदार नेसवलं की मी बघत राहिले. मी नथ तिच्या हातात दिली. आणि भाऊबंदांनी भरलेल्या घरात तुझे भाऊ म्हणाले, "ती नको. ती आपल्यातली नाही." शीतलनं नथ ताटात ठेवली. इतकी हळू ठेवली की आवाज झाला नाही. मी बोलले तेव्हा, सगळ्यांसमोर बोलले, पण ते ओट्यावर जाऊन बसले होते. आठवड्यात तुम्ही गेलात आणि देवघरातली जागा रिकामी.

त्यानंतर महिनाभर मी यांच्याशी अबोला धरला. त्यातले पहिले पंधरा दिवस यांना कळलंच नाही, म्हणाले कान जास्तच गेले वाटतं, डॉक्टरला दाखवलं पाहिजे. हसू नकोस, मला तेव्हा फार राग आला होता.

आणखी एक सांगते. हे सांग असं मला कुणी सांगितलेलं नाही. तू गेल्यावर आपल्या घरी कानबाई बसली नाही. लिंबायतचा भिकन, तुमचा चुलतभाऊ, म्हणाला की दादा, नवीन आणून बसवा. यांनी सांगितलं, "घरनी कानबाई घरना मानूस लई गया. दुसरी कशी बसाडू?" म्हणून दर वर्षी आम्ही भिकनच्या घरी जातो. तिथं कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू मोजतात, घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ. तुला माहीतच आहे. भिकन नावं घेत घेत येतो आणि यांच्या नावापाशी थांबतो. मग हे पुढे वाकतात आणि आणखी सव्वा मूठ टाकतात. नाव घेत नाहीत. कुणी विचारत नाही. दर वर्षी हेच.

मला हे तुला किती दिवस सांगायचं होतं.

बसच्या कचेरीत तो फोटो काचेवर चिकटवून घे. नुसता दाखवून परत आणू नकोस.

वयनी


डिंडोली
११ जुलै

वाल्मिक,

तुझा एवढा मोठा मेसेज आला म्हणजे काहीतरी आहे हे मी न वाचताच ओळखलं. उभ्यानं वाचायला लागले आणि मग खाली बसले.

बॅग मिळाली. कपडे मिळाले, पातेली मिळाली, नथीची डबी मिळाली. कानबाई मिळाली नाही.

त्या बाईचा मला राग येत नाही. येईल असं वाटलं होतं, पण तू जसं लिहिलंस ते वाचून आला नाही. बिचारीनं घरी जाऊन आपले कपडे काढायला बॅग उघडली आणि आतून कुणीतरी डोळे वटारून बघतंय, कपाळावर लाल मळवट. कुणीही भ्यालं असतं. मी भ्याले असते. आपल्यावर कुणीतरी काही करणी केलीय असं तिला वाटलं, म्हणून ती आपली बॅग मागायलाही फिरकली नाही. शेजारच्या म्हातारीनं सांगितलं की याला दुखवू नकोस, वाहत्या पाण्यात सोड. तिनं स्वच्छ फडक्यात गुंडाळून नदीत सोडलं. बाकी कशाला हात लावला नाही, नथीलाही नाही. मग शेवटी कपड्यांसाठी धीर करून कचेरीत आली आणि काचेवर आपला फोटो. त्यात आपण सगळे हसतोय, तुटक्या दाताचा तू आहेस, मधे कानबाई. तेव्हा तिला कळलं की हे करणीबिरणी काही नाही, हे कुणाच्या तरी घरचं आहे. आणि ती तिथंच रडायला लागली.

शीतलनं तिला घरी नेऊन चहा पाजला हे वाचून मला फार बरं वाटलं. तिला सांग, वयनीनं तुझं कौतुक केलंय. तिनं त्या बाईला दोन शब्द सुनावले असते तरी कुणी तिला नावं ठेवली नसती. गेली सहा वर्षं तिथं एकटीनं कानबाई सजवत होती ती, नेसवायची, नथ घालायची, तू नुसता हात जोडून उभा राहायचास. हे तू कधी सांगितलं नव्हतंस, परवा लिहिलंस.

मी रडले. का नाही रडणार? इथं होती त्या पंचवीस वर्षांत मी तिच्याइतकं कुणाचं तोंड बघितलं नसेल.

यांना सांगायलाच हवं होतं. पण यांना हळू सांगता येत नाही आणि मोठ्यानं सांगितलं की सगळ्या गल्लीला कळतं. शेवटी दार लावून कानात ओरडून सांगितलं. ते भिंतीला टेकून खाली बसले. मग विचारलं, "वाहता पानीमा सोडी का?" मी म्हटलं, हो. "फडकामा गुंडाळीसन?" हो. "मंग त्या बाईनी बेस करं," म्हणाले. थोड्या वेळानं आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "पूरना साली तिनी पानीनी भेट राही गयी व्हती. आते व्हयनी." आणि ओट्यावर न जाता तिथंच माझ्याजवळ बसून राहिले.

आता तुझ्या शेवटच्या ओळीबद्दल. तू लिहिलंस, "कानबाईच नाही, तर आता माझं तिकडे काय राहिलं? नथ तुमच्या घरची आहे, कुरियरनं पाठवतो. भिकनच्या कानबाईला घाला." तुमच्या घरची. हे दोन शब्द लिहिताना तुझा हात कसा चालला? सहा वर्षं तू बोलला नाहीस तेव्हा मला भीती वाटली नव्हती. देवी तुझ्याकडे आहे, म्हणजे एक ना एक दिवस हा येणार, असं मी मनाशी धरून होते. आज पहिल्यांदा वाटलं की हा येणारच नाही. हे वाचून मला कसं झालं असेल याचा विचार कर, आणि नथ पाठवू नकोस. थांब जरा.

वयनी


डिंडोली
१९ जुलै

वाल्मिक,

कुरियर केलं नाहीस ना? केलं असलंस तर जा आणि परत आण. आता मी जे लिहिते ते सावकाश वाच. शीतललाही वाचून दाखव.

परवा तुझे भाऊ कामावरून आले ते चप्पल न काढताच दारात उभे राहिले आणि म्हणाले, नवी कानबाई बसवायची. मी म्हटलं, बरं झालं, उद्या बाजारातून नारळ आणते. तर म्हणाले, तसं चालत नाही. रीत आहे. "नवं नारय घरना समदा भाऊसनी मिळीसन आननं पडस. एकलानी आनं तं देवी बसत नही."

मी विचारलं, "ही रीत कधीपासून?"

"पहिलेपाईन."

"मला तर सासूबाईंनी कधी सांगितली नाही."

"तू कधी नवी बसाडतांना देखी का?"

मी जुनीच पाहिली, सासूबाईंनीही जुनीच पाहिली. नवी बसवताना पाहिलेलं माणूस आपल्या घरात कुणीच नाही. हे त्यांनी आधी पक्कं हेरून ठेवलेलं दिसलं. मग चप्पल काढत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "आनि नवी कानबाईले पहिली नथ घरनी धाकली सून घालस. थोरलीनी घालानी नही."

वाल्मिक, मी या घरची थोरली सून. तू नेईपर्यंत पंचवीस वर्षं नथ मी घातली. आणि माझ्या हातातून नथ काढून घेणारी ही रीत ऐकून मला इतका आनंद झाला की तोंड लपवायला मी आत जाऊन उगाचच डबे पुसायला लागले. तुझे भाऊ माफी मागणारे नाहीत. ते त्यांच्या जिभेला येतच नाही, मरेपर्यंत यायचं नाही. कुणाला न विचारता, माग चालवता चालवता, त्यांनी ही रीत बसून जुळवली असणार.

पण भाऊबंद ऐकतील का, ही त्यांनाही धास्ती होती. म्हणाले, चल कडोदऱ्याला, उखाबाबांना विचारू. उखाबाबा तुला आठवत असतील, आपल्या भाऊबंदांतले सगळ्यात वडील. आता अंथरुणालाच असतात, पण ते म्हणतील ते शेवटचं. त्या वर्षी तुझे भाऊ जे बोलले त्यावर मान हलवणारे पहिले तेच होते, हे मी विसरलेले नाही. रिक्षात हे सारखे गुडघे चोळत होते. दोनदा म्हणाले, "परत फिरूत का?" मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. म्हटलं, घ्या, तुम्हीही बघा कसं वाटतं.

उखाबाबांच्या खाटेपाशी बसून यांनी ती रीत सांगितली. उखाबाबा ऐकत होते आणि यांच्या तोंडाकडे बघत होते. घरातल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, झालं, आता यांचं नाव घेऊन म्हणतील, दगा, तुला वेड लागलं काय.

उखाबाबा म्हणाले, "शे. रीत शे. मना आजाना येळनी शे. तुम्ही पोरे इसरी ग्यात."

मी पदर तोंडाला लावला. हे मान खाली घालून बसले. मग उखाबाबांनी विचारलं, "धाकली सून कोन तुमना घरमा?"

सहा वर्षांत यांच्या तोंडून ते नाव निघालं नव्हतं. मला वाटलं, भिकनच्या बायकोचं नाव घेऊन मोकळे होतील, नाही तर माझ्याकडे बघतील. ते म्हणाले, "शीतल." उखाबाबांना कमी ऐकू आलं असं वाटून परत मोठ्यानं म्हणाले, "शीतल. आमना वाल्मिकनी बायको." दारातल्या बायांनीही ऐकलं. संध्याकाळपर्यंत लिंबायतला भिकनच्या घरीही पोहोचलं असणार.

येताना रिक्षावाला गुजराती होता, त्यालाही यांनी ती रीत मोडक्यातोडक्या गुजरातीत समजावून सांगितली. तो म्हणाला, सारुं छे काका. काल गल्लीत चौघांना सांगितली. इतक्या ठामपणे सांगतात की आता मलाही वाटायला लागलंय, असेल बाई, सासूबाई सांगायच्या राहिल्या असतील. तू काही विचारू नकोस. शीतलनंही विचारू नये. कुणी विचारलंच तर उखाबाबांच्या आजापासूनची आहे.

शीतलला सांग, लुगडं मी घेऊन ठेवलंय, हिरवं, जरीच्या काठाचं. नेसवायचं तिनंच. मी ताट धरीन. आणि तिच्या मनात अजून काही असेल, असणारच, तर ते तिनं इथं येऊन यांच्या तोंडावर बोलावं. मी तिच्या बाजूला बसेन आणि यांना ऐकू आलं नाही तर मी कानात ओरडून सांगेन.

कानबाई ३ ऑगस्टला आहे. नारळ आणलेलं नाही. तू आल्याशिवाय ते आणता येत नाही, आणि तू नाही आलास तर या वर्षी आणि पुढेही आपल्या घरी देवी बसणार नाही. हे मी धाक घालायला लिहीत नाही. हे असंच आहे.

हे पत्र लिहिताना ते समोरच बसलेत. मी विचारलं, तुमच्याकडून काय लिहू? म्हणाले, "लिख, रीत शे. आपला हातमा काही नही." मी तसंच लिहिलं. उठून दारापर्यंत गेले, तिथं थांबले, आणि बाहेर बघत म्हणाले, "आनि इमान कितला वाजता उतरस, ते बी इचार."

वयनी